भूकंपाची वेळ चार ते सहा

बिल्डिंगमध्ये सगळं सुरळीत चालू असलं की किस्से होत नाहीत. टाकी वेळेवर भरली, तर त्यावर कोण काय बोलणार? आमच्या मुलुंडच्या तीन मजली बिल्डिंगमध्ये मात्र यंदा सात आठवडे भूकंप होत होता, तोही आमच्याच हॉलमध्ये. किस्से इतके साठलेत की पाहुणे आले की चहा टाकायच्या आधीच मी सुरू होते.

माझ्या मुलीला, सईला, आठवीच्या सायन्स प्रोजेक्टसाठी भूकंपाचं मशीन करायचं होतं. एक हलणारी फळी, तिच्यावर आइस्क्रीमच्या काड्यांच्या दोन बिल्डिंगी. एक कच्ची, एक पक्की. बटण दाबलं की कच्ची पडायला हवी आणि पक्की उभी राहायला हवी. मागच्या वर्षी तिचा सोलर कुकर वर्गातूनच परत आला होता. तीन तासांनी झाकण काढलं तर तांदूळ जसेच्या तसे! मॅडम म्हणाल्या, "वाळवून डब्यात भर." पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. यंदा तिला शाळेतून निवडून आंतरशालेय प्रदर्शनाला जायचंच होतं. आणि खरं सांगते, तिच्यापेक्षा मलाच जास्त घाई होती.

*

सुरुवात माझ्या नवऱ्यानं केली. इथेच चुकलं.

तो ऑफिसात दिवसभर एक्सेल शीट भरतो. त्यानं आमच्या जुन्या मिक्सरची मोटर काढून फळीला जोडली. सईनं बटण दाबलं. बिल्डिंग पडली नाही. ती उडाली, पंख्याला लागली आणि टेबलावरच्या वरणात जाऊन बसली.

नवऱ्यानं पातेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, "तीव्रता जरा जास्त झाली."

त्या दिवशी आम्ही दहीभात खाल्ला.

*

तरी त्यानं हार मानली नाही. दुसऱ्या ट्रायलला मशीन जमिनीवर ठेवलं. खालच्या जोशी काकूंच्या हॉलमधला पंखा डुलायला लागला. काकू तडक खाली गेटवर, हातात कुकर!

नवरा धावत गेला. "काकू, घाबरू नका, भूकंप आमचा आहे! पण कुकर कशाला आणलात?"

"दोनच शिट्ट्या झाल्या होत्या. उरलेल्या दोन कुणाकडे करता येतील ते बघत होते."

जोशी काका तेव्हा आत झोपलेले होते. त्यांना आणायचं राहूनच गेलं, असं काकू म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी सावंतांनी नोटीस लावली.

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, भूकंप फक्त संध्याकाळी चार ते सहा या वेळेत करण्यात यावा. रविवारी व सणाच्या दिवशी भूकंप करू नये. भूकंपानंतर जिना झाडून घ्यावा."

खाली सही, शिक्का. शिक्का बघून माझं डोकंच फिरलं. त्यात कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, "इतरांना करायचा असल्यास अर्ज कुठे मिळेल?"

*

मग वरचे परब काका आले. काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे, विक्रोळीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होते. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

त्यांनी मिक्सरची मोटर काढून फेकली. गॅरेजमधून रिक्षाची जुनी वायपर मोटर आणली आणि ड्रॉवरच्या चॅनलवर फळी बसवली. झकास सरकायला लागली! पण नियम कारखान्याचे. साडेपाचला काम बंद म्हणजे बंद. एकदा शेवटचा स्क्रू अर्धा आत गेलेला. काकांनी घड्याळ पाहिलं, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि हात पुसले.

"काका, दोनच फेरे राहिलेत ना!" सई म्हणाली.

"सेकंड शिफ्ट येतली, ती बघतली."

सेकंड शिफ्ट म्हणजे मी. स्वयंपाक सोडून ते दोन फेरे मीच मारले.

*

आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायची की नाही, यावर सोसायटीत दोन पार्ट्या आहेत. मशीन चालतंय म्हटल्यावर दोन्ही पार्ट्या बघायला आल्या.

पाडायचंय ते म्हणाले, "सई, अजून जोरात कर."

नाही पाडायचं ते म्हणाले, "मुंबईत एवढा येत नाही गं. हळू कर."

बटण कमी-जास्त करून पोरगी दमली. शेवटी सावंतांनी मतदान घेतलं. भूकंप किती जोराचा असावा, हात वर करा. सात विरुद्ध पाच मतांनी मध्यम पास झाला. ते मिनिट्स बुकातही लिहिलंय.

*

निवडीला आठवडा राहिला आणि नवीनच वांधा झाला. काकांना कच्ची बिल्डिंग करता येईना.

"काका, जोड ढिला ठेवा ना," सई म्हणायची. काका ठेवायचे. बटण दाबलं की दोन्ही बिल्डिंगी ताठ उभ्या! असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी सई रडायलाच लागली. "कच्ची पडली नाही तर मला घेणारच नाहीत!"

"पडूक कोण बांधता काय गो?" काका कळवळून म्हणाले. बिचाऱ्यांची झोप उडाली होती.

शेवटी माझ्या नवऱ्यानं पुठ्ठा आणि डिंक घेऊन वीस मिनिटांत कच्ची बिल्डिंग करून दिली. काकांनी ती बघितली आणि ते दोन पावलं मागे सरकले. तेवढ्यात ती पडली. नवऱ्याचं कौतुक करायची माझी ही पहिलीच वेळ.

*

निवडीच्या दिवशी आम्ही सगळे शाळेत गेलो. परीक्षक बाहेरून आलेले, चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. बिल्डिंग फार रिकामी दिसते म्हणून सईनं आयत्या वेळी कच्चीच्या खिडक्यांत स्केचपेननं माणसं काढली. काका शेजारी उभे राहून चष्म्यातून बघत होते.

"चालू कर," परीक्षक म्हणाले.

सईनं बटण दाबलं. पक्की डुलली आणि सावरली. कच्ची एका बाजूला कलली. आता पडेल, मग पडेल, मी जीव मुठीत धरून बघत होते. आणि काकांनी दोन्ही हात पुढे करून ती धरली!

"काका, सोडा ना!" सई ओरडली.

"आधी बंद कर गो! आत माणसां आसत!"

सई माझ्याकडे बघायला लागली. मला रडू फुटायचंच बाकी होतं. सात आठवड्यांची मेहनत डोळ्यांदेखत वाया चालली होती. परीक्षकांनीच पुढे होऊन बटण बंद केलं. काकांनी तरी हात काढले नाहीत. परीक्षक जरा वेळ त्या हातांकडे बघत राहिले.

"किती माणसं आहेत?" त्यांनी विचारलं.

"अडतीस," काका म्हणाले. "वरची तिघां गावाक गेलीहत."

परीक्षकांनी कागदावर अडतीस लिहिलं, खाली सही केली आणि सईला म्हणाले, "प्रदर्शनाला यांना घेऊन ये."