पाहुणे बाहेर, वर्गसमीकरण आत

अजून माझा राग गेलेला नाही. धाकटे दीर पाहुणे घेऊन आले तेव्हा माझी पोरगी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर वर्गसमीकरणं सोडवायचा प्रोग्राम करत होती. दुसऱ्या दिवशी नगरला कॉलेजात तिचं प्रॅक्टिकल होतं आणि लॅपटॉप संध्याकाळी परत द्यायचा होता. दिरांना हे मी स्वतः सांगितलं होतं. नापास झाली तर शिक्षण बंद, हेही त्यांनीच आमच्या ह्यांच्याकडून कबूल करून घेतलेलं.

मी चौथी शिकलेली. पण पुस्तकामागची उत्तरं मी वाचत होते, ती पडद्यावरची बघत होती. सुरुवातीची सगळी जुळली. मग दोन एक्स वर्गाचं गणित आलं आणि मेळ बसेना.

"पहिला आकडा एक असला की बरोबर येतंय, दोन असला की चुकतंय," ती म्हणाली आणि नखं खायला लागली.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. दीर आत डोकावले.

"वैनी, पोरीला साडी नेसवा. पावनं खोळंबलेत."

"उद्या प्रॅक्टिकल हाय तिचं."

"ते कुठं पळून चाललंय? अर्ध्या तासाचं काम."

अर्धा तास! मागच्या पाहुण्यांनी तिला कागद देऊन स्वतःचं नाव लिहून दाखवायला सांगितलं होतं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरीला! तिनं लिहिलं. कागदाकडं कुणी बघितलंही नाही. चालून दाखव म्हणाले. हे शेजारी बसून हसत होते.

या वेळी पोह्यांचा ट्रे मीच उचलला. परक्या माणसांपुढं मी कधी उभी राहत नाही. उंबरा ओलांडतानाच थोडे पोहे सांडले.

"मुलगी कुठाय?" मुलाच्या आत्यानं विचारलं.

"ती येनार न्हाई. तिचं गणित अडलंय."

"अगं बाई! आमाला सून पायजे, मास्तरीन न्हाई."

"मग दुसरीकडं बघा."

आवाज इतका बारीक निघाला की दीर "काय?" म्हणाले. मग मी ओरडले.

पाहुणे पोह्यांना हात न लावता उठले. दीर ह्यांना म्हणाले, "दादा, बायकोला आवर." हे चपला घालून रानात निघून गेले.

आत पोरीला चूक सापडली होती. शेवटच्या भागाकारात 'दोन गुणिले ए'ला, ए म्हणजे तोच पहिला आकडा, कंस घालायचा राहिला होता. मी पुन्हा उत्तरं वाचायला बसले.

"आई, हळू की," ती म्हणाली.

मी तसंच मोठ्यानं वाचलं.