काकांची टेप आणि रक्ताचं माप

आमचे काका शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याची छाती किती, ते काकांनी मनात धरलेलं असायचं. मग टेप लावून बघायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. एकदा एका जाड्या माणसाला म्हणाले, साहेब, तुम्ही श्वास आत ओढून उभे आहात, पण शर्ट काही श्वास ओढून बसणार नाही. तो माणूस हसला, ओढलेला श्वास सुटला आणि मग खरं माप मिळालं.

मूत्रपिंडं गेली तेव्हापासून काका आठवड्यातनं तीनदा डायलिसिसला जायचे. तिथे आधी वजन, मग मशीन, मग परत वजन. सगळं पाणी काढल्यावर जे उरतं त्याला ते लोक कोरडं वजन म्हणतात. काकांचं अठ्ठावन्न. दोन वर्षं अठ्ठावन्नच. आणि महिन्याला रक्त तपासायचे, त्यात अल्ब्युमिन म्हणून एक प्रोटीन असतं. खाल्लेलं माणसाच्या अंगी लागतंय की नाही ते त्यावरनं कळतं म्हणे. काकांचं तीन पूर्णांक सात, कधी तीन पूर्णांक आठ. डॉक्टरबाई म्हणायच्या, मास्तर, तुमची काळजी नाही. काकू तो कागद देवासमोर ठेवायची. काकांची भूक मेली होती, ताट अर्धं परत यायचं. पण कागद चांगला आहे म्हटल्यावर ती गुपचूप ताट उचलायची.

मग पॅन्ट कमरेवरनं ढिली झाली आणि मोजे काढले की पायात खोल वळ दिसायला लागले. नर्स म्हणाली, इथे सगळ्यांनाच होतं. दुपारी आडवं पडलं की काकांना धाप लागायची. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन.

एका रविवारी दुकान बंद करून काका आतल्या आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी स्वतःचं माप घेतलं. डायलिसिसच्या सुया टोचायचा हात सोडून दुसरा दंड मोजला. साडेदहा इंच. वर्षापूर्वी बारा होता. दर रविवारी मोजायचा नाद लागला. दंड सव्वादहा झाला, मग दहा. वजन मात्र अठ्ठावन्न.

काकूला म्हणाले, "अगं, मी कमी होतोय आणि काटा हलत नाही. मग माझ्या जागी भरतंय कोण?"

काकू म्हणाली, भरल्या घरात असलं अभद्र बोलू नका. पण त्या दिवसापासून त्यांच्या पाठीमागनं जाताना ती जरा बाजूनं जायला लागली.

आणि एका रविवारी काकांनी आकडे लिहिले आणि त्यांचा हात थांबला. खांदा साडेसोळा, छाती चौतीस, गळा साडेतेरा, दंड साडेनऊ. हे माप आपण आधी कापलंय, असं त्यांच्या बोटांना वाटलं. डोक्याला नाही, बोटांना. त्यांनी मापांच्या जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत सापडलं. आमच्या आजोबांचा शेवटचा शर्ट. अर्ध्या इंचाचाही फरक नाही. तो शर्ट आजोबांनी महिनाभरही घातला नव्हता. काकांनी वर आरशात बघितलं आणि मग आरशावर कापड टाकलं. सहा महिने ते कापड तसंच होतं.

मंगळवारी टेप खिशात घालून ते डायलिसिसला गेले. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, फक्त आजोबांचं नाही. बाईंनी रिपोर्ट पुढे केला. म्हणाल्या, मास्तर, रक्त खोटं बोलत नाही.

काका म्हणाले, "रक्त नसेल बोलत. पण टेप बोलते, बाई. वापरून वापरून ताणली जाते आणि माणूस आहे तसा दाखवत नाही, भलतंच काही दाखवते. मी दर वर्षी नवी घेतो. तुमची रक्त मोजायची टेप कोणती आहे?"

बाईंनी लॅबला फोन लावला. लॅबवाला म्हणाला, रक्तात एक हिरवा रंग टाकतात, तो अल्ब्युमिनला धरतो आणि त्यावरनं मोजतात. पण तो रंग जरा आंधळा आहे, दुसऱ्या प्रोटीनलाही धरतो. किडनीच्या पेशंटचा आकडा त्यानं फुगतो, पुष्कळदा. दुसरा एक जांभळा रंग असतो, तो तेवढा फसत नाही. बाईंनी एकाच वेळी काढलेलं रक्त दोन लॅबना पाठवलं. हिरव्यात तीन पूर्णांक सात. जांभळ्यात दोन पूर्णांक नऊ.

म्हणजे मांस जात होतं आणि त्याच्या जागी पाणी भरत होतं, म्हणून काटा हलत नव्हता. आणि कागद बरोबर म्हणून कोणी पाण्याकडे बघितलं नव्हतं. बाईंनी तोंडावर माफी मागितली. मग थोडं थोडं करून ते पाणी काढलं. सत्तावन्न, छप्पन्न, महिना-दीड महिन्यात त्रेपन्न. काका एका उशीवर झोपायला लागले. बाईंनी तिथल्या बाकीच्यांचंही रक्त परत तपासलं.

पण पाणी गेलं आणि आत जे झाकलेलं होतं ते वर आलं. गाल बसले, नाक पुढे आलं, मान आजोबांची असायची तशीच जराशी डावीकडे कलली. घरात कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना दिसत होतं. काकू स्वयंपाकघरात रडली. म्हणाली, कागद बघून मी ताट उचलत राहिले, ताटाकडे बघितलं असतं तर.

मग ती रोज दोन्ही वेळेला समोर बसून त्यांना भरवायची. अंड्याचा पांढरा भाग, एकेक घास, लहान मुलासारखं. आकडा थोडा चढलाही. पण उशीर झाला होता. पाच महिन्यांनी काका गेले, आडवे, शांत, धाप न लागता.

जायच्या आदल्या आठवड्यातली दुपार काकूनं मला एकदाच सांगितली, परत कधी नाही. ती भरवत होती. काका खिडकीकडे बघत होते. सासऱ्यांना ती जन्मभर मामंजी म्हणायची, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, अजून एक घास घ्या."

ती जीभ चावून बसली. काकांनी मान वळवली, तिच्याकडे बघितलं, आणि सासरे म्हणायचे तसं म्हणाले, "दे सूनबाई." आणि तोंड उघडलं.

तिनं घास दिला.