सरकामावशी आणि पलीकडची बस

सरकामावशीला बसमध्ये बसवत नसे. गुडघे दुखायचे म्हणून नव्हे, गुडघे उभं राहूनही दुखतच. पण सीटवर बूड टेकलं की तिला आपण कामचुकारपणा करतोय असं वाटे, आणि आत्ता कुणी साहेब चढून जाब विचारेल म्हणून जीव खालीवर होई. सगळी नोकरी तिने शहराच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली होती. "पुढे सरका, पुढे सरका, पुढे काय वाघ बसलाय का?" असं ओरडून ओरडून तिला हे नाव पडलं, आणि ते इतकं चिकटलं की निरोपाच्या दिवशी भाषणाला उभे राहिलेले साहेबसुद्धा तिचं खरं नाव विसरले. कागदात बघून त्यांनी ते वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "या कोण?"

आता ती सीमेपलीकडच्या शहरात, मुलाच्या घरी आली होती. नवरा जाऊन बराच काळ लोटला होता. आपल्या शहरातली एका खोलीची जागा कुलूप लावून ठेवली होती, विकली नव्हती. कारण इथलं अजून ठरायचं होतं. सून दातांच्या दवाखान्यात कामाला होती. आजारपणामुळे बरेच महिने घरी होती, ती आता पुढच्या सोमवारपासून पुन्हा रुजू होणार होती. नात पहिलीत. तिला दुपारी शाळेतून बसने घरी आणायला माणूस हवं होतं. मुलगा म्हणाला होता, "आई, हा आठवडा तू करून बघ. जमलं तर तू कायमची इथेच. नाही जमलं तर पाळणाघर आहे, तूही उगाच अडकून पडू नकोस."

"मला काय, मी कुठेही राहीन," सरकामावशी म्हणाली होती. साफ खोटं. तिला हे काम जिवापाड हवं होतं. मुलगा लहान असताना त्याची शाळा सुटायची वेळ आणि तिची पाळी कधी जुळलीच नाही. शेजारची काकू त्याला आणायची. कितीदा तरी तिची गाडी शाळेवरून जायची, तो फाटकाशी काकूचं बोट धरून उभा असायचा, हात करायचा, आणि गाडी पुढे जायची. आपलं मूल शाळेतून आणणं म्हणजे काय, ते तिला ठाऊकच नव्हतं. म्हातारपणी ती संधी चालून आली होती आणि ती हातची घालवायची तिची तयारी नव्हती.

पण या शहरात तिचा जीव स्थिर होईना. सगळं उलटं. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावायच्या. रस्ता ओलांडताना ती जिकडे बघायची तिकडून काहीच येत नसे, आणि जे यायचं ते पाठीमागून अंगावर. बसचं दार डावीकडे असायचं ते इथे उजवीकडे. रस्ते तर असे गुळगुळीत की खड्डा म्हणून शोधायला जावं तर सापडू नये. "आमच्याकडे डोळे मिटून सांगता येतं गाडी कुठे आली ते," ती सुनेला म्हणाली. "पुलाआधी दोन हिसके, बाजारापाशी एक मोठा. इथे काय, झोप लागली की संपलं." बसस्टॉपवर पुढची गाडी किती वेळात येणार ते दिसायचं आणि तेवढ्याच वेळात ती खरोखर यायची. सरकामावशीला हे सुरुवातीला आवडलं आणि मग त्याचा राग आला. गाडी वेळेवर आली की लोक बोलत नाहीत. आमच्याकडे गाडीची वाट बघता बघता सोयरिकी जुळायच्या! इथे सगळे खांबासारखे उभे, आणि कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नाही.

"आई, किती वेळा 'आमच्याकडे' म्हणशील?" मुलगा एकदा वैतागून म्हणाला.

"मग काय म्हणू?"

"'तिकडे' म्हण. आमच्याकडे म्हणजे आता हे."

तिला ते काही पटलं नाही. दुपारी सगळे आपापल्या कामात असले की ती चपला अडकवायची आणि उगाचच बसने फिरून यायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मशीनला कार्ड लावलं की ते आवाज करायचं आणि कुणी तिकीट मागायचं नाही. गर्दीच्या गाडीत कंडक्टर नाही, हे तिला फार लागायचं. घरात बाई नसावी तसं.

शाळेवरून घराकडे येणारी गाडी मात्र तिला बरी वाटायची. लहानशी, जुनी, एकाच दाराची, आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे खराखुरा पत्रा. पहिल्या दिवशी सून वाट दाखवायला बरोबर होती. मायलेकी बसल्या. सरकामावशी दाराशी, पत्र्याला खांदा टेकवून, दोन्ही पाय फाकवून उभी राहिली. आरशातून तिच्याकडे बघणारा ड्रायव्हर हसला.

"मावशी, तुम्ही तिकडच्या ना?"

सरकामावशी उडालीच. "कसं ओळखलंस रे?"

"उभं राहण्यावरून. आधार न धरता असं कंडक्टरच उभा राहतो." तोही तिच्याच शहरचा निघाला. तिथे शहराच्या बसवर होता, पगार वेळेवर होईना म्हणून इकडे आला. मध्ये दोन वर्षं आणखी एका शेजारच्या देशात ट्रक चालवून आला होता. "तिकडचे रस्ते आपल्यापेक्षा वाईट, मावशी. आपल्याकडे खड्ड्यात रस्ता, तिकडे रस्ताच नाही. पण माणसं थांबवून चहा पाजायची." आणि मग हळूच म्हणाला, "इथे सगळं आहे. फक्त मागून कुणी ठोकत नाही. चुकल्यासारखं वाटतं."

सुनेला यातलं काही कळलं नाही. घरी जाताना सरकामावशीने तिला समजावून सांगितलं. त्यांच्या गाड्यांची घंटी तुटून जमाना झाला होता. कंडक्टर ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर हाताने ठोकायचा. एकदा ठोकलं की थांब, दोनदा ठोकलं की चल. माणसं उतरताना कंडक्टरने दारात उभं राहायचं, शेवटचा पाय जमिनीला लागेपर्यंत बघायचं, आणि मगच दोनदा. ड्रायव्हरने मागे वळूनही बघायचं नाही. तिच्या हातून कधी कुणी पडलं नव्हतं, या गोष्टीचा तिला फार अभिमान होता. सुनेने "हो का" म्हटलं. सून वाईट नव्हती. फक्त सासूची चुळबुळ बघून तिला धास्ती वाटायची, की ही बाई माझ्या मुलीला नीट आणेल ना?

मंगळवार, बुधवार बरे गेले. नात शाळेच्या फाटकातून धावत यायची तेव्हा सरकामावशीला अगदी भरून यायचं. दप्तर ती स्वतःच्या खांद्यावर घ्यायची, कुणी हिसकावून नेईल असं घट्ट धरायची. गाडीत नात सीटवर, आजी दाराशी.

"आजी, तू बस ना," नात म्हणायची.

"मी उभीच बरी. तू बस, ती दप्तरवाली मुलं कशी रेटतात बघ."

गुरुवारी गाडी गच्च होती. कुठल्याशा शाळेला लवकर सुट्टी झाली होती. मुलं, आया, पिशव्या, एक घडीची सायकलसुद्धा. सरकामावशीच्या अंगात वारं शिरलं. तिला त्या देशाची भाषा येत नव्हती, पण 'पुढे सरका' हे हातवाऱ्यांनी कुठेही सांगता येतं. लोक सरकू लागले! आठवड्यात पहिल्यांदाच तिची चुळबुळ थांबली. म्हाताऱ्याला जागा करून दे, पिशवी आत घे, पोरांना कडेला लाव, असं करत ती इतकी रमली की घराचा स्टॉप आला तेव्हा ती दारात जागेवर होती, जिथे असायला हवी तिथे.

बहुतेक गाडी इथेच रिकामी व्हायची. सरकामावशी बाजूला झाली. एकेकाला उतरू दिलं. नात आली, तिला दंडाला धरून खाली सोडलं. तिच्यामागे घडीची सायकल, तिच्यामागे म्हातारा. त्याचा दुसरा पाय फुटपाथला लागला. सरकामावशीने बघितलं, आणि तिचा उजवा हात वर गेला आणि पत्र्यावर दोनदा बसला.

उतरायचं आपल्यालाही आहे, हे त्या हाताला कुठे ठाऊक? गाडीतली सगळी माणसं उतरली तरी कंडक्टर उतरत नाही. आणि ड्रायव्हर तरी काय, त्याच शहरात वाढलेला. त्याने मागे बघितलं नाही. दार मिटलं, गाडी निघाली.

काचेतून नात दिसली. दप्तर सरकामावशीच्या खांद्यावर, पोर मोकळ्या हातांनी फुटपाथवर. ती हात हलवत होती. सरकामावशीने पत्र्यावर एकदाच, जिवाच्या आकांताने ठोकलं.

गाडी रस्त्याच्या मध्येच करकचून थांबली. इथे स्टॉपशिवाय थांबायची सक्त मनाई. या शहराचे हॉर्न सरकामावशीने पहिल्यांदा ऐकले, ते मागच्या गाड्यांचे.

"काय झालं मावशी?"

"पोर! पोर खाली राहिली!"

ड्रायव्हरचा चेहरा पांढराफटक पडला. "पण तुम्हीच ठोकलंत ना?"

"हो रे बाबा, मीच ठोकलं. दार उघड!"

त्याने नियम गुंडाळून ठेवला आणि दार उघडलं. सरकामावशी मागे पळत सुटली. अंतर फार नव्हतं, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार? आता पोर रस्त्यावर येईल, आता कुणी हात धरून नेईल, चुकीच्या बाजूने गाडी येईल, असं काय काय तिच्या डोळ्यांपुढे नाचत होतं. ती तोंडाने मोठमोठ्याने पोरीचं नाव घेत होती आणि लोक तिच्याकडे वळून बघत होते.

नात स्टॉपच्या बाकावर पाय हलवत बसली होती.

"आजी, तुझी ड्युटी संपली?"

सरकामावशीने तिला छातीशी धरलं आणि तिथेच फुटपाथवर ढसाढसा रडली. नात घाबरली ती तेव्हा.

घरी पोरीने काही सांगितलं नसतं. तिच्या लेखी काही घडलंच नव्हतं. सरकामावशी स्वयंपाकघरात दोनदा पाणी प्यायली, तिने तीनदा ओटा पुसला, खिडकी उघडली, मिटली. सांगितलं नाही तर सोमवार आपला. सांगितलं तर पाळणाघर. पण पुन्हा त्या दारात उभं राहायचं, तेव्हा हाताचा भरवसा कोण देणार? संध्याकाळी मुलगा आणि सून दोघं समोर आल्यावर तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

मुलाने फोन हातात घेतला. मग म्हणाला, "बास झालं. मी पाळणाघरात सांगतो." आणि उठता उठता, आवाज न चढवता म्हणाला, "तू नेहमी बसबरोबरच निघून जातेस, आई."

म्हणून झाल्यावर तोच दचकला. पण शब्द तोंडातून गेला होता. सरकामावशीने मान खाली घातली. हात करणारा तो फाटकाजवळचा मुलगा तिलाही दिसत होता, आणि तोही ते विसरला नव्हता हे तिला आज कळलं.

सून मात्र तिच्याकडे रोखून बघत होती. रागावलेली होती, डोळे लाल होते. पण तिने विचारलं ते वेगळंच. "आई, कोणत्या हाताने ठोकता तुम्ही?"

"उजव्या."

"नेहमी?"

"डाव्यात तिकिटं असायची."

"मग उद्या उजवा हात हिच्या हातात द्यायचा. चढल्यापासून उतरेपर्यंत. मी मागे बसते आणि बघते." नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "पाळणाघराला उद्या दुपारनंतर सांग."

शुक्रवारी सून शेवटच्या सीटवर परक्यासारखी बसली. ड्रायव्हरने आरशातून एकदाच बघितलं. "मावशी, आज तुम्ही डोकं आपटलंत तरी मी हलणार नाही." सरकामावशीला हसू आलं नाही. ती नातीच्या शेजारी बसली होती, चक्क बसली होती, आणि सीट तिला टोचत होती. उजवा हात पोरीच्या दोन्ही हातांत. आईने सांगितलेलं काम पोर भलतंच मनावर घेऊन करत होती.

स्टॉप आला. माणसं उठली. सरकामावशी उठून दाराशी गेली आणि सवयीने बाजूला झाली. दोन बायका उतरल्या, एक म्हातारी उतरली. हात वर निघाला. तिला कळत होतं तरी निघाला. पण त्याला पोर लोंबकळत होती.

"आजी, उतर ना. आपला स्टॉप आहे."

सरकामावशीने आत बघितलं. अजून माणसं उतरायची होती. सगळे उतरायच्या आधी, मधल्याच स्टॉपवर, भरल्या गाडीतून ती कधी उतरलेली नव्हती. तिला लाज वाटली, भीती वाटली, आणि पोरीने ओढलं तशी ती पायरी उतरून खाली आली. मागून माणसं उतरत राहिली. दार मिटलं. गाडी कुणी न ठोकता निघून गेली आणि ती फुटपाथवर नातीच्या शेजारी उभी राहिली.

सर्वात शेवटी उतरलेली सून चार पावलांवर थांबून फोनवर नवऱ्याशी बोलत होती. "पाळणाघराला नको म्हणून कळव," ती म्हणाली. मग पलीकडून त्याने काहीतरी विचारलं असावं, कारण तिने सासूकडे बघितलं. "हो," ती म्हणाली, "उतरल्या. हिच्याबरोबरच उतरल्या."