तेवीसवं घर

जानेवारीचा दुसरा रविवार. अर्पण सहाशे चाळीस रुपये. हजर: पाळक साहेब, तिन्ही कारभारी वडील आणि मंडळी धरून तेहतीस. एवढं लिहून मी रजिस्टर मिटत होतो, तेवढ्यात शेवटच्या बाकावरचा एक नवा, उंच, पिकल्या मिशांचा माणूस टेबलाशी आला आणि म्हणाला, "सेक्रेटरी, एक कमी हाय. सोताला धरलं न्हाई तुमी."

मी पुन्हा मोजलं. चौतीस होते. मी सरकारी कचेरीत हिशेब बघतो, चर्चचं सेक्रेटरीपण त्यामुळेच माझ्याकडे आलं, आणि नऊ वर्षांत माझी चूक कुणी काढली नव्हती. पण राग आला नाही. हे कंडक्टर काका. तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडून निवृत्त झालेले, मूळचे शिरूर कासारकडचे. भरल्या गाडीत मागून पुढे एकदा नजर फिरवली की त्यांना आकडा कळायचा. लेकरं ते अर्धी धरत. पुढच्या रविवारपासून उपासना सुटली, की मी रजिस्टर उघडायच्या आधीच त्यांचा आवाज यायचा, "एकतीस फुल, सहा हाफ." तो आकडा मी प्रत्येक वेळी ताडून पाहिला. एकदाही चुकला नाही.

बाकावर चार माणसं ऐसपैस बसलेली दिसली की त्यांना राहवत नसे. "सरका, सरका, लई जागा हाय," म्हणत उशिरा आलेल्या बाईला ते पोरासकट बसवून देत. उपदेश लांबला की घड्याळाकडे बघून शेजारच्याला सांगत, "आज लेट चाललीय." आमच्या चर्चमध्ये हसायची पद्धत नव्हती. काका आल्यापासून मागच्या दोन बाकांवर आधी गर्दी होऊ लागली.

आमचं चर्च बीडच्या बाहेर, पालीच्या रस्त्याला जिथे प्लॉट पडले तिथे आहे. पत्र्याचं छप्पर, अकरा बाकं, सभासद घरं बावीस. काकांनी त्याच वसाहतीत दोन खोल्या बांधल्या होत्या, कारण काकूंना लकवा झाला होता आणि गावाकडे दवाखाना जवळ नव्हता. त्यांच्या गावची मंडळी कधीच पांगली होती. निम्मी घरं ऊसतोडीला जाऊन तिकडेच राहिली, पाळकही निघून गेले, आणि चर्चला कुलूप लागलं. त्यामुळे इथे आल्यावर आधी शहरात चर्च शोधण्यात त्यांचे चार महिने गेले होते.

त्या शोधाच्या गोष्टी ते रंगवून सांगत. शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये त्यांच्याकडे आधीच्या मंडळीचं सभासदत्वाचं पत्र मागितलं. "आनू कुठून? कुलपाकडून लिवून आनू का?" दुसरीकडे एका दुकानावरच्या हॉलमध्ये गेले, तर तिथल्या पास्टरांनी माईकवरून सांगितलं की बाईला घेऊन या, दोन रविवारांत चालायला लावतो. काका उठून आले. "मी इचारलं, गाडी नक्की जाती कुठं, ते तिकीट फाडायच्या आधी सांगा. तर म्हनले, विश्वास ठेवा. इश्वासावर मी तीस वर्षांत एकालाबी गाडीत घेतला न्हाई."

काकांना स्वतःसाठी फारसं काही नको होतं. ते कुठेही मागे बसले असते. हवं होतं ते काकूंसाठी. काकूंची उजवी बाजू गेली होती, उठता येत नव्हतं, आणि प्रभुभोजन घेतल्याला त्यांना तीन वर्षं दोन महिने झाले होते. हा हिशेब काकूंचा स्वतःचा. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, आला की त्या डाव्या हाताचं एक बोट मोजत. अंथरुणावरच्या माणसाला पाळक घरी जाऊन भाकर आणि प्याला देतात, पण आमच्या नियमाप्रमाणे फक्त सभासदाच्या घरी. म्हणून काकांनी फेब्रुवारीत सभासदत्वाचा अर्ज दिला. तो मी घेतला, क्रमांक टाकला आणि सांगितलं, "महिनाभरात होईल, काका."

अर्ज वडिलांच्या बैठकीत आला. वडील म्हणजे मंडळीने निवडून दिलेले कारभारी. त्यांतले सर्वांत ज्येष्ठ, निवृत्त हेडमास्तर, त्यांनी काकांना समोर बसवून विचारलं, "गावात घर कोणत्या बाजूला?"

"ष्टँडच्या बाजूला. निम्मं आयुष्य ष्टँडवरच झोपलो."

"तसं नव्हे. वाडवडिलांचं घर."

"ओढ्याच्या पल्याड," काका म्हणाले.

हेडमास्तर नुसतं "हं" म्हणाले. पाळक साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. काकांनी चौघांकडे एकेक करून पाहिलं आणि म्हणाले, "झालं? उतरू का मी हितंच?"

जे घडलं ते मी सरळ लिहितो. आपण ख्रिस्ती होऊन तीन-चार पिढ्या झाल्या तरी समोरच्याच्या आजोबाची जात काढल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. उघड विचारायची लाज वाटते, म्हणून घराची बाजू विचारतात. आमची बावीसच्या बावीस घरं एका जातीतून आलेली. काकांचं घराणं दुसऱ्या. आणि आमच्याकडे प्रभुभोजनाची भाकर, म्हणजे बिनखमिराची गव्हाची पोळी, सभासदांच्या घरून पाळीने येते. ती यादी मी ठेवतो. बैठकीनंतर हेडमास्तर मला बाजूला घेऊन म्हणाले, "माणूस चांगला आहे. बसू दे, गाऊ दे. पण सभासद झाला की यादीत येणार, आणि यादीत आला की त्याच्या घरची भाकर आपल्याला खावी लागणार. बायका ऐकायच्या नाहीत."

मी घरी येऊन हिशेब केला. यादी मार्चपासून नव्याने सुरू होत होती. महिन्याला एक घर. तेवीसवं घर काकांचं असतं, तर त्यांची पहिली पाळी एक वर्ष दहा महिन्यांनी आली असती. एका माणसाच्या वाट्याला त्या पोळीचा नखाएवढा तुकडा येतो. हा हिशेब मी बैठकीत मांडायला हवा होता. मी तो वहीच्या मागच्या पानावर केला आणि वही मिटली.

पुढच्या तीन बैठकांच्या नोंदीत त्या अर्जापुढे मी एकच शब्द लिहिला: विचाराधीन. काका दर रविवारी आकडा सांगून झाला की हळूच विचारत, "सेक्रेटरी, गाडी लागली का?" मी म्हणायचो, "लागेल, काका." एकदा मात्र त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कावून लागंना, ते तुमाला ठाव हाय का न्हाई, एवढंच सांगा." मी म्हणालो, "माहीत आहे." ते म्हणाले, "मंग ठीक हाय. मला वाटलं, मलाच ठाव हाय."

जूनच्या बैठकीत हेडमास्तरांनी तोड काढली. यापुढे भाकर कुणाच्याच घरून आणायची नाही, बेकरीतला ब्रेड आणायचा. मग अर्ज मंजूर करायला कुणाची हरकत नाही. पाळक साहेब दर वर्षी खमीर म्हणजे पाप असं शिकवत आले होते, त्यांनी सांगितलं की आत्म्याने घ्यायचं असतं, पिठाकडे बघू नये. ठरावाला कारण लागतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी लिहिलं, "स्वच्छतेच्या कारणास्तव." ते शब्द माझे होते, कुणी सांगितलेले नव्हते.

घरी बायकोला सांगितलं तर ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "अकरा वर्षं माझ्या हातची खाल्ली, तेव्हा घाण नव्हती का? त्या माणसाला नाही म्हणायची हिंमत नाही, म्हणून बावीस घरच्या बायकांना घाणेरड्या ठरवलंत?"

रविवारी ठराव वाचून दाखवला आणि पाठोपाठ काका-काकूंची नावं सभासद म्हणून जाहीर केली. टाळ्या झाल्या. काका उभे राहिले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "पाळक साहेब, बेकरीत पीठ कोन मळतं, त्याचं गाव इचारलं का?" मागची दोन बाकं हसली. पुढची हसली नाहीत. त्या दिवशी काकांनी आकडा सांगितला नाही.

तरीही शनिवारी दुपारी पाळक साहेब, हेडमास्तर आणि मी त्यांच्या घरी गेलो. काकूंना उशांना टेकवून बसवलं होतं. वेणी घातली होती, जरा वाकडी, काकांच्या हातची. पुढ्यात स्टुलावर स्टीलची ताटली, तिच्यावर धुतलेला रुमाल. त्याखाली एक पोळी होती, एका बाजूने जाड, काठाला करपलेली. काकू पडल्यापासून स्वयंपाक काकाच करत. ते म्हणाले, "चर्चात तुमचं चालू द्या. हितं घरात घरची आसू द्या म्हनलं."

पाळक साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर म्हणाले, "ठराव सगळ्यांना सारखा." पाळक साहेबांनी बॅगेतून कागदात गुंडाळलेला ब्रेडचा तुकडा काढला आणि रुमालाची ताटली हलकेच बाजूला सरकवली.

काकूंची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत. त्यांनी विचारलं, "ही कुनाच्या घरची?"

"बेकरीतली आहे, बाई."

"म्हंजी कुनाच्याच न्हाई," काकू म्हणाल्या. मग डोळे मिटून तोंड उघडलं आणि तो तुकडा घेतला. तीन वर्षं सहा महिने झाले होते. द्राक्षरसाचा प्यालाही घेतला. पाळक साहेब काकांकडे वळले तेव्हा काका हात मागे बांधून उभे होते. "मला नगं. मी डुटीवर हाय."

प्रार्थना संपल्यावर त्यांनी पाच कप चहा आणला. हेडमास्तरांना साखर चालत नव्हती. पाळक साहेबांना उपास होता. मी घेतला. मग काकांनी रुमाल काढला, पोळी मोडली, अर्धी स्वतःच्या चहात बुडवून काकूंना घासाघासाने भरवली, आणि उरलेली अर्धी आमच्यासमोर उभ्या उभ्या खाल्ली. कुणाला या म्हणाले नाहीत. मी कप हातात धरून बसलो होतो. हात पुढे केला असता तर त्यांनी तुकडा दिला असता, एवढं मी त्यांना ओळखत होतो. हेडमास्तर उठले, त्यांच्यामागे मीही उठलो.

त्यानंतर काका चर्चला आले नाहीत. सहा रविवार मी त्यांच्या नावापुढे गैरहजर लिहिलं. सातव्या रविवारी ते उपासना सुटल्यावर दारात आले. दोन खोल्या विकल्या होत्या, पाटोद्याला मुलीकडे चालले होते. "सेक्रेटरी, आता मी सभासद हाय ना? मंग पत्र द्या. तिकडं कुनी मागितलं तर दाखवाया."

मी तिथेच लेटरहेड घेतलं. नाव, वय, दाखल तारीख, वर्तणूक उत्तम. पुढचा रकाना मूळ गावाचा होता. काकांनी लेखणीवर बोट ठेवलं. "ते तेवढं ऱ्हाऊ द्या." मी कोणताही रकाना कोरा सोडत नाही. तिथे मी आडवी रेघ मारली, सही केली, शिक्का मारला. त्यांनी पत्र वाचलं, चार घड्या करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "तुमी मानूस वाईट न्हाई, सेक्रेटरी. पर तुमी उतरनारांतले न्हाई, नि चढवनारांतलेबी न्हाई. गाडीत नुसते बसलेले."

मी पाटोद्याला दोनदा फोन केला. चर्च मिळालं का, विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघतोय." तिसऱ्यांदा मुलीने उचलला. काकू पंधरा दिवसांपूर्वी गेल्या होत्या. पाळक कोण आले होते, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही.

ठराव अजून तसाच आहे. प्रभुभोजनाला चार स्लाइस लागतात, उरलेला पुडा हेडमास्तर घरी नेतात. परवाच्या शनिवारीही आणला: ब्रेड, एक पुडा, पंचेचाळीस रुपये, बेकरीवाल्याला रोख दिले.