शेवटच्या घरातलं सुतक

महाडकरांना मदत करायला शिकवावं लागत नाही. सावित्री नदीच्या पुरांनी ते आमच्या अंगवळणी पाडलंय. कुठं काही झालं की पेठेतून टेम्पो निघतो. चादरी, बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, खराटे, फिनेल. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत, देवीच्या भंडाऱ्याच्या दिवशी, एका माणसानं आपल्याच भावकीवर कोयता चालवला. बरीच माणसं गेली, आणि शेवटी तोही मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं पोचलेल्या पहिल्या टेम्पोतसुद्धा खराटे आणि फिनेल होतं. वाडीतल्या बायका त्या खराट्यांकडं नुसत्या बघत उभ्या होत्या. मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचीच चीड आली.

मी समुपदेशक. महाडच्या शाळांमधल्या मुलांशी बोलण्यात आयुष्य गेलं. परीक्षेची भीती, घरची भांडणं, मोबाइल, फार तर एखादं प्रेमप्रकरण. तालुक्याहून फोन आला, “मॅडम, तुम्ही इथल्या आहात, समन्वय तुम्हीच बघा.” समन्वय हा शब्द मोठा भारदस्त. प्रत्यक्षात काम म्हणजे पुण्याहून आलेल्या समुपदेशकांना राहायला जागा शोधणं, मुंबईच्या एका गटाला मुलांना हसवायला विदूषक आणू नका म्हणून हात जोडणं, आणि वाडीच्या तोंडाशी स्वतःचा हसरा फोटो लावून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ वाहणाऱ्या पुढाऱ्याला तो फलक काढायला लावणं. माझं तोंड फटकळ आहे. फलक तासाभरात निघाला. त्या सबंध कामात मला मनापासून आनंद झाला असेल तो तेवढाच.

वाडी लहान. सगळी एकाच आडनावाची, एकाच भावकीतली. घरं एकमेकांना चिकटून बांधलेली, दोन घरांत एकच भिंत. मारणारा यांचाच, मेलेलेही यांचेच. आम्हाला पूर कळतो, दरड कळते. पुरावर चिडायचं, त्याला शिव्या द्यायच्या, मग सगळ्यांनी मिळून गाळ उपसायचा. पण पुराचं घर वाडीत नसतं. इथं ते होतं. ओळीतलं शेवटचं, आणि त्यात मारणाऱ्याची आई राहत होती.

सुतकात घरची चूल पेटवत नाहीत. जेवण बाहेरून येतं. इथं अख्ख्या वाडीलाच सुतक, म्हणून खालच्या वाडीतल्या बायका डोक्यावर टोप घेऊन चढण चढायच्या. भात, पिठलं, कधी नुसती डाळ. दारोदार वाढत त्या ओळीनं यायच्या आणि शेवटच्या घराच्या अलीकडं थांबायच्या. मी विचारलं तर एकीनं मान खाली घालून सांगितलं, “त्याचा सुतक धरायचा नाय असा ठरलाय भावकीत.” म्हणजे त्या घरात कोणी मेलंच नव्हतं. मेलं नव्हतं तर जेवण कशाला, आणि भेटायला तरी कोण कशाला जाईल?

मी आमच्या बैठकीत विषय काढला. पोलादपूरच्या शाळेतल्या एका वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून आम्ही सगळे बसायचो. त्या घरालाही कोणीतरी जायला हवं, मी म्हटलं. मग एकानं, चांगला मुलगा होता तो, सांगितलं की आधी ज्यांची माणसं गेली त्यांचं बघू. त्याचं चूक होतं असं मी आजही म्हणणार नाही.

त्या घराला भिंत लागून जे घर होतं, तिथली बाई मारणाऱ्याच्या आईची धाकटी जाऊ. चुलत. तिचा नवरा त्या दिवशी गेला. मी तिच्याकडं रोज जात होते. ती फार बोलायची नाही, पण मी गेले की पाट पुढं सरकवायची. कुणीतरी माझी बैठकीतली बडबड तिच्यापर्यंत पोचवली असावी. ती दारातच उभी राहिली. “मॅडम, तुमाला तिकडं जायाचा हाय ना, जावा. पन तिकडं गेल्यावं आमच्याकडं येव नका.” आवाज चढला नव्हता. मी म्हटलं, मी चोरून जाणार नाही, सांगून जाईन. ती म्हणाली, “मंग आताच सांगितलात.” आणि तिनं दार लावून घेतलं.

पुढच्या काही दिवसांत बाकीची दारंही तशीच लागली. तुडीलहून येणारी एक शिक्षिका शांत होती, समंजस होती, तिच्याकडं मी ती सगळी घरं सोपवली. ती जाऊन यायची आणि मला फोनवर सांगायची: आज अमकी जेवली, तमक्याच्या मुलाला झोप लागली. मी ‘छान, छान’ म्हणायचे. जिथं मला पायरी चढता येत नव्हती तिथला मी समन्वय करत होते.

आणि आठवड्यातून एकदा शेवटच्या घरी जात होते.

पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं मला पडवीत बसू दिलं, आत बोलावलं नाही. सत्तरीच्या आसपासची बाई, काटक, हातात सतत काहीतरी. तांदूळ निवड, विळीची धार बघ, वाळलेल्या शेंगा सोल. लेकाबद्दल शब्द नाही. मीही विचारला नाही. आमच्या कामात शिकवलेलं असतं की समोरचा बोलेपर्यंत वाट बघायची, चेहरा शांत ठेवायचा, आपलं दुःख मध्ये आणायचं नाही. ते मला उत्तम जमतं. तासभर बसायचं, ती शेंगांचं, शेळीचं, गुडघ्याचं सांगेल ते ऐकायचं, आणि उठायचं. वाडीतून उतरताना पाठीवर नजरा जाणवायच्या. एरवी उतारावर ‘मॅडम, च्या घ्या’ म्हणून हाक मारणाऱ्या बायका आता भांडी घासत राहायच्या.

घरी आल्यावर तर काय. मुलगा परदेशात, नवरा करोनात गेला. पुण्याच्या लोकांसाठी दर आठवड्याला एक ज्येष्ठ डॉक्टर व्हिडिओ कॉल करायचे, तुम्हाला कसं वाटतंय ते बोला म्हणून. समन्वय बघणाऱ्या बाईला कसं वाटतं हे विचारायची सोय कोणी केली नव्हती. मी तो कॉल जोडून द्यायचे आणि पोळ्या करायला जायचे. कधी कधी पोळी लाटता लाटता मोठ्यानं बोलायचे, आणि आपला आवाज ऐकून दचकायचे. मला एकटं वाटत होतं. हे लिहायला सोपं आहे, तेव्हा कोणाला सांगायला जमलं नाही.

लावणीचे दिवस आले. त्या भागात लावणी एकमेकांच्या हातानं होते, आज माझ्याकडं, उद्या तुझ्याकडं. सगळ्या खाचरांतून बायकांच्या रांगा वाकलेल्या, आणि कडेच्या एका खाचरात ती एकटी. मी बांधावर उभी राहून बघितलं. चिखलात उतरावं असं वाटलं. पण माझी कंबर मी पुरती ओळखून आहे, आणि मला लावणी येतही नाही. ती वर आली, हातपाय धुतले आणि माझ्याबरोबर घरी चालू लागली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं मला आत घेतलं.

चुलीपाशी बसल्यावर ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “बाय, तुमी एवढ्या लांबशी येता. बसता. पन रडत कशा नाय?”

मी मान वर केली.

“मयताच्या घरी बाई येते ती दारातना रडत येते. मंग घरच्या बाईला रडू येता. तुमी येता त्या नुसत्या बसता.” तिनं एक काटकी चुलीत सारली. “माजा पन मेला ना? मला एकटीला रडू येत नाय.”

तेव्हा लक्षात आलं की इतके महिने ही बाई माझ्या शांत चेहऱ्याकडं कशाची वाट बघत होती. आमच्या शहरी घरात रडणं म्हणजे रुमालात, आवाज न करता. इथं भेटायला येणारी बाई अंगणातून हंबरडा फोडते, गळ्यात पडते, आणि त्या आवाजात घरच्या बाईला आपला आवाज सापडतो. शेवटच्या घरात तशी कोणी आली नव्हती. एक मी येत होते, ती समंजसपणे मान हलवत.

पण मला खोटं बोलायचं नव्हतं. त्यानं काय केलं ते मी बाकीच्या घरांतून ऐकलं होतं. मी सांगितलं, “त्याच्यासाठी मला रडू येत नाही.”

“त्याच्यासाठी कशाला,” ती म्हणाली, “माज्यासाठी रडा.”

हे ती इतक्या साधेपणानं म्हणाली की माझ्याच्यानं राहवलं नाही. तिचे हात चिखलानं अजून गार होते. मी ते धरले, आणि माझ्या घशातून जो आवाज आला तो माझा आहे हे मला ओळखू आलं नाही. नवरा गेला तेव्हा माझ्या घरीही कोणी आलं नव्हतं. येता येत नव्हतं तेव्हा. सगळ्यांचे फोन आले, आणि मी प्रत्येकाला ‘मी ठीक आहे’ सांगितलं. ते सगळं तिथं चुलीपाशी बाहेर आलं. आणि मग ती रडली. लेकाचं लहानपणीचं लाडाचं नाव घेऊन, आई जशी रडते तशी, छाती बडवून. वाडीत ते नाव तेव्हापासून कोणी उच्चारलं नव्हतं.

कितीतरी वेळानं आम्हा दोघींचे आवाज उतरले. तरी रडणं ऐकू येतच होतं. भिंतीपलीकडून. धाकटी जाऊ रडत होती, आमच्यासारखीच, मोठ्यानं. बहुतेक तिलाही आमचाच आवाज लागला असणार. दोन घरं, दोन मयतं, मध्ये मातीची एक भिंत, आणि इतक्या जवळ असून दोघींपैकी एकीलाही उठून दुसरीकडं जाता येत नव्हतं.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि कान दिला. “ती बी रडते,” ती म्हणाली. “घरात कोन नाय तिच्या, सगली लावनीला गेलीत.” मग माझ्या पाठीला हात लावला. “तुमी जावा गो तिकडं. एकटीनं रडू नये.”

ते दार मला बंद झालं होतं, आणि तिच्याकडं येते म्हणूनच बंद झालं होतं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. उठले, चपला घातल्या आणि चार पावलांवरच्या त्या दाराशी गेले. कडी वाजवली.

“कोन हाय?”

मॅडम म्हणावं, समुपदेशक म्हणावं, की नाव सांगावं, काहीच सुचेना. “मी शेजारून आले,” मी म्हटलं.

आतलं रडणं थांबलं. पाय सरकल्याचा आवाज दारापर्यंत आला आणि तिथंच राहिला. दाराच्या अलीकडं मी आणि पलीकडं ती, अशा आम्ही दोघी उभ्या होतो. कडी काढल्याचा आवाज आला नाही, आणि ती परत आत गेल्याचाही आला नाही.