न भिजवलेलं अस्तर

ब्लाउज शिवणाऱ्या बाईला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल, अस्तर आधी भिजवायचं, वाळवायचं, इस्त्री मारायची आणि मगच कात्री लावायची. मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना हेच ऐकवत आले. 'उद्याच पाहिजे' म्हणणारीला तर जरा जास्तच तोऱ्यात. आणि लॉकडाऊनमध्ये नेमकी मीच ते विसरले.

झालं असं, की दीड महिना घरी बसलेल्या आमच्या यांना शेंद्र्याच्या कारखान्यातून फोन आला. परवा दुपारच्या पाळीला या. मास्क नसेल तर गेटातून आत घेणार नाही, आणि जो येणार नाही त्याच्या जागी दुसरा माणूस. कंत्राटी नोकरी ती. मेडिकलात मास्क संपलेले, बाजार बंद, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकलेले. कारखान्याच्या गाडीनं जाणारे, यांना धरून, आठही जण आमच्याच गल्लीतले. मी छातीठोकपणे म्हणाले, "त्यात काय एवढं? आठही जणांचे मी शिवते."

घरात अस्तराचं बेताचंच कापड होतं. दुसऱ्या दिवशी घाईघाईत कापलं, दुहेरी शिवलं, इलास्टिक नव्हतं म्हणून त्याचेच बंद लावले. यांच्या तोंडाला बांधून बघितला, बरोब्बर बसला. मग शहाणपणा सुचला: आठही मास्क मीठ घालून उकळत्या पाण्यात टाकले आणि गच्चीवर वाळत घातले. संध्याकाळी बघते तर सगळे दोन-दोन बोटं आखडलेले. यांनी एक बांधला. नाक झाकलं की हनुवटी उघडी, हनुवटी झाकली की नाक बाहेर.

"ह्याच्यात बोलायचं नाय, नुसती मान हलवायची," हे म्हणाले. मला हसवायला म्हणाले, पण मला रडूच फुटलं. माझ्या घाईपायी आठ घरांची रोजी जाणार होती.

आमच्या आणि शेजारच्या खालांच्या गच्चीच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. रोजे चालू होते. इफ्तारच्या आधी खाला जरा वाऱ्याला वर यायच्या. लग्न होऊन आले तेव्हा शिवण मला त्यांनीच शिकवलेलं. दोरीकडे एकदा बघितलं आणि त्यांना सगळं कळलं.

"क्या बेटा, कपडा भिगोयाच नै?"

"नाय ओ खाला. विसरले."

"येइच सिखायी मैं तेरेकू?" म्हणत त्या तरातरा खाली गेल्या. मला वाटलं, रागावल्या.

परत आल्या त्या पांढऱ्या सुती कापडाची घडी घेऊन. घडी भिंतीवर ठेवून चार पावलं मागं सरकल्या. तेव्हा देण्याघेण्याची तीच रीत होती. कापड भिजवलेलं, इस्त्री केलेलं. उलगडलं तर त्यावर निळ्या खडूनं गळा आखलेला. त्यांच्या नवऱ्याच्या, चाचांच्या, ईदच्या कुडत्याचं कापड होतं ते.

"खाला, हे नको," मी म्हणाले.

"ईद अगले साल बी आती. नौकरी नै आती. ले."

सकाळी यंत्रावर बसले ती दुपारी गाडी यायच्या आत आठ मास्क करूनच उठले. आठही जण गेटातून आत गेले. आखडलेले मास्क गल्लीतल्या पोरांना अगदी मापात बसले.

ईदच्या सकाळी चाचा गच्चीवर आले. अंगात जुनाच कुडता, कॉलर विरलेली. लांबूनच हात वर करून म्हणाले, "ईद मुबारक!" आमच्या यांनी पांढऱ्या मास्कमधून जोरात उत्तर दिलं. मी शेजारीच उभी होते. लांबूनच नजरेनं चाचांचं माप घेतलं. यांची नोकरी अजून टिकून आहे, आणि ती कशी टिकली असं कुणी विचारलं की मी खालांचंच नाव सांगते.

पुढच्या वर्षी चाचांचा ईदचा कुडता मी शिवला. घडी हातात घेत त्यांनी आधी खालांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भिगोयी थी ना?"

"दोनदा, चाचा," मी म्हणाले.