हानाच्या नावाची गोष्ट

मित्रहो, आज सकाळी नाकाडोंगरीच्या आमच्या घरी पोलंडहून एक बाई आल्या. त्यांचे वडील ऐंशीच्या दशकात इथल्या मँगनीज खाणीत इंजिनिअर म्हणून आले होते. दोन वर्षं आमच्या शेजारीच राहिले. मोडकीतोडकी हिंदी बोलायचे आणि रात्री जेवायला आमच्याकडे यायचे.

बाई म्हणाल्या, "बाबांनी त्यांच्या लहानपणाबद्दल आम्हाला कधीच काही सांगितलं नाही. आता तेही गेले."

मी आईला विचारलं. ती लगेच म्हणाली, "मले तं सांगत होते ना! त्यायचं गाव लहानसंच होतं. अर्धी वस्ती यहुदी लोकायची. शेजारच्या पाववाल्याची पोरगी अन् हे संगंच खेळत. मंग लढाईत जर्मन सैनिक आले अन् साऱ्या यहुद्यायले गाड्यायत भरून घेऊन गेले. कोणीच वापस नाही आलं. हे खिडकीतून पाहून राहिले होते."

मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होतो. बाईंनी विचारलं, "त्या मुलीचं नाव काय होतं?"

"हाना," आई म्हणाली. "नाव घेतलं का रडत."

बाई म्हणाल्या, "माझं नाव हाना आहे."

आईनं त्यांचा हात धरला. "मंग सांगतलं नाही कसं? रोज तुले हाक मारत होते ना, पोरी."

जे घरच्यांना सांगत नाही, ते माणूस परमुलखात शेजाऱ्यांना का सांगतो? तुमच्या घरीही असं कोणी काही सांगून गेलंय का?